जमिनीचे तीन वाटे झाले, कामाचे?

परळला आचार्य दोंदे मार्गाच्या आसपास दहा मिनिटं चाललं की तीन सरकारं भेटतात. केईएम रुग्णालय महापालिकेचं. हाफकिन राज्याचं. टाटा रुग्णालय १९६२पासून केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे. स्टेशनाला लागून मध्य रेल्वेचं वर्कशॉप, म्हणजे पुन्हा दिल्ली. या चारही ठिकाणी कामाला असलेला माणूस आपला पगार कोण देतं ते झोपेतही सांगेल. पण रुग्णांच्या नातेवाइकांना वडापाव विकणाऱ्याला विचारा, बाबा, तुझ्या धंद्याचं सरकार कोणतं? त्याच्या हक्काचा कायदा संसदेने केला, त्याखालची योजना राज्याने करायची, समिती पालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली, आणि माल उचलून नेणारी गाडी वॉर्ड ऑफिसची. लालबागच्या चाळीतला जो मुलगा पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसलाय, त्याच्या वाट्याला तर एवढंही सरकार आलेलं नाही.

रोजगाराची जबाबदारी केंद्राची की राज्याची की शहराची, हा प्रश्न एरवी घटनेच्या वर्गात शिकवायचा. गिरणगावात तो लोकांनी अंगावर घेतला. संप, राष्ट्रीयीकरण, आजारी गिरण्यांचं मंडळ, जमिनीची विक्री, कंत्राटी सफाई कामगार, फेरीवाले असं सगळं गिरगावापासून दादरपर्यंतच्या टापूत घडलं. म्हणून आढावा घ्यायचा तर इथूनच.

आधी कागद पाहू. कामगार संघटना आणि औद्योगिक तंटे, सामाजिक सुरक्षा, रोजगार आणि बेरोजगारी, कामगार कल्याण हे विषय घटनेच्या समवर्ती सूचीत २२, २३ आणि २४ क्रमांकांवर आहेत. केंद्र आणि राज्य दोघेही त्यांवर कायदे करू शकतात. कलम ४१ कामाच्या हक्काबद्दल बोलतं, पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, आणि ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यावर कोर्टात दाद मागता येत नाही. राहिली महापालिका. ७४व्या घटनादुरुस्तीने १९९३मध्ये शहरांना बारावी अनुसूची मिळाली. तिच्यात १८ विषय आहेत. नगररचना, रस्ते, पाणी, झोपडपट्टी सुधारणा, शहरी दारिद्र्य निर्मूलन, स्मशानं, कत्तलखाने, जन्ममृत्यूची नोंद. मोकाट गुरांचे कोंडवाडेसुद्धा आहेत. रोजगार हा शब्द मात्र नाही. ‘आर्थिक व सामाजिक विकासासाठी नियोजन’ असा एक ऐसपैस विषय आहे, त्यात हवं ते बसवता येतं. म्हणूनच बहुधा काहीच बसवलं गेलं नाही.

हे नेहमीच असं नव्हतं. मुंबईचा कामगार कायदा एके काळी अगदी मुंबईचाच होता. १९३४चा तंटा-समेट कायदा, मग १९३८चा औद्योगिक तंटा कायदा, ज्याच्या विरोधात ७ नोव्हेंबर १९३८ला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला, आणि शेवटी १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, ज्याला गिरणगाव ‘बीआयआर’ म्हणे. या कायद्यात एक खास कल्पना होती: ‘स्थानिक क्षेत्र’. बृहन्मुंबईतला सगळा कापडधंदा मिळून एक क्षेत्र, आणि त्यात २५ टक्के सभासद दाखवणारी संघटना ही सगळ्यांची एकमेव प्रतिनिधी. म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ.

नोकरभरतीतही प्रांतिक सरकार उतरलं होतं. गिरणीच्या दाराशी पहाटे ताटकळणारा बदली कामगार जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मेहेरबानीवर जगायचा. भरती जॉबरच्या हातून काढण्यासाठी १९३५मध्ये बदली नियंत्रण आलं आणि १९५०मध्ये सरकारी नोंदणीतून बदलीवाले पुरवण्याची योजना. तिचा उपयोग किती झाला यावर वाद घालता येईल. एका शहराच्या एका धंद्यापुरतं सरकार माणूस आणि काम यांची गाठ घालायला बसलं होतं, एवढं खरं.

देशपातळीवरची रोजगार विनिमय केंद्रं निघाली १९४५मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी. १ नोव्हेंबर १९५६ला त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला, धोरण आणि नियम दिल्लीत राहिले. १९५९च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा कळवणं सक्तीचं केलं. त्या केंद्रातून आलेल्या उमेदवारालाच घेणं सक्तीचं केलं नाही. एका पिढीने ‘एक्स्चेंजला नाव घातलंय’ म्हणत ‘कॉल’ची वाट पाहिली. त्या कार्डाचं नूतनीकरण विसरू नये म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयवर खूण करणारी घरं कित्येकांनी पाहिली असतील. कॉल आलेली घरं त्याहून बरीच कमी.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्या पगाराच्या, बोनसच्या, रजेच्या, आणि बीआयआर रद्द करण्याच्या. यातली शेवटची मागणी पाहण्यासारखी आहे. कायदा राज्याचा, म्हणजे बदलायचा तर मंत्रालयात. पण त्या कायद्याने ज्या संघटनेला मक्ता दिला होता ती सत्ताधारी काँग्रेसच्या गोतावळ्यातली, आणि तिला हात लावायचा निर्णय मंत्रालयात होणारा नव्हता, तो दिल्लीत अडला होता. संप सुरू होताना मुख्यमंत्री अंतुले पायउतार होत होते, बाबासाहेब भोसले आले, वर्षभरात वसंतदादा आले. संप मागे घेतल्याची घोषणा अधिकृतपणे कधी झालीच नाही. १९८४मध्ये याच भागाने सामंतांना लोकसभेत पाठवलं, जणू भांडण योग्य पत्त्यावर नेऊन पोचवलं. पण तोवर हजारो लोक गावी गेले होते.

पुढची वीस वर्षं वाटणीचा खरा अभ्यास करायला उत्तम आहेत, कारण तिन्ही सरकारं काही ना काही करत होती. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ १९६८चं, १९७४च्या कायद्याने देशातल्या १०३ आजारी गिरण्या त्याच्याकडे आल्या होत्या. १९८३मध्ये केंद्राने मुंबईच्या आणखी १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. १९८५च्या वस्त्रधोरणाने कापडधंद्याची दिशा बदलली. त्याच वर्षीच्या आजारी उद्योग कायद्यातून दिल्लीत बीआयएफआर हे आजारी उद्योगांचं मंडळ बसलं. वस्त्रोद्योग आयुक्तांचं कार्यालय मात्र न्यू मरीन लाइन्सला, गिरगावातून चालत जाता येईल इतकं जवळ. दिल्लीची सत्ता शेजारी राहायला आली तरी शेजारी होत नाही, याचं हे एक उदाहरण.

१९८६ची कापड कामगार पुनर्वसन निधी योजना या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते. काम कायमचं गेलेल्या कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ टक्के, अशी केंद्राची मदत. उतरत्या पायऱ्यांची, पण मदत. अट अशी की गिरणी ६ जून १९८५नंतर कायमची बंद झालेली असावी आणि त्या बंदीला राज्य सरकारची औद्योगिक तंटे कायद्याच्या कलम २५-ओ खाली परवानगी असावी. नाहीतर कोर्टाने लिक्विडेटर नेमलेला असावा. आता राज्यातल्या कुठल्या मंत्र्याला गिरणी बंद करायची परवानगी आपल्या सहीने द्यायला आवडेल? परवानगी नाही म्हणजे गिरणी कागदावर चालू. मालक वीजबिल भरत नाही, भोंगा वाजत नाही, साचे गंजतायत, पण गिरणी ‘बंद’ नाही. मग केंद्राची मदत नाही. कामगाराला वाचवण्यासाठी राज्याने अडवलेला दरवाजा आणि कामगाराला मदत करण्यासाठी केंद्राने ठेवलेला दरवाजा एकमेकांवर आपटले, आणि बोटं अडकली ती कामगाराची. यात कोणी दुष्ट होतं असं म्हणायची गरज नाही. दोघांनी आपापला नियम पाळला, इतकंच.

आणि पालिका? तिच्याकडे जमीन होती. म्हणजे जमिनीवरचा अधिकार होता. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ गिरगावापासून नायगावपर्यंत सगळ्यांना पाठ झाला: गिरणीची जमीन विकासाला काढायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. सुमारे ६०० एकरांचा प्रश्न. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६मध्ये आराखडाही दिला. २००१मध्ये राज्याने नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्यापुरती उरली. गिरणीत मोकळं असं असतं किती? शेड, गोदाम, चिमणी, कॅन्टीन. उच्च न्यायालयाने २००५च्या ऑक्टोबरमध्ये हा बदल रोखला, सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ला तो उचलून धरला. त्याआधीच, २००५मध्ये, केंद्राच्या महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी दोन हजार कोटींच्या वर विकल्या होत्या. दादरची कोहिनूर क्रमांक ३ एकटी ४२१ कोटींना गेली.

जमिनीच्या या भांडणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्याच नियमात नोकरीचं एक कलम होतं, त्याबद्दल फार कमी. दुरुस्त नियम ५८ म्हणत होता की स्थलांतरित गिरणीत किंवा त्या जागेवर उभ्या राहणाऱ्या नव्या उद्योगात, व्यापारी आस्थापनेत, १ जानेवारी २००० रोजी कामावर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या घरातल्या किमान एकाला, पात्रता आणि कौशल्य असल्यास, प्राधान्याने नोकरी द्यावी; आणि भरतीआधी त्याला प्रशिक्षणही द्यावं. म्हणजे मुंबई शहराचं एकमेव लेखी रोजगार धोरण इमारतीच्या नियमांत, चटईक्षेत्र आणि मोकळ्या जागेच्या शेजारी दडवलेलं आहे. नकाशा मंजूर करणाऱ्या खात्याने नोकऱ्या मोजायच्या? जिन्याची रुंदी मोजणाऱ्या अभियंत्याने हाऊसकीपिंगच्या मस्टरवरची नावं तपासायची? कामगार खातं राज्याचं, ते या नियमाचं मालक नाही. कामाचं वचन देणारं कलम ज्याच्या हाती पडलं त्याच्याकडे ते अमलात आणायचं हत्यारच नव्हतं. जमीन मोजता येते, तिची तृतीयांशं करता येतात, सातबारा आणि सिटी सर्व्हे नंबर असतो. कामाला सिटी सर्व्हे नंबर नसतो. म्हाडाची गिरणी कामगारांसाठीची सोडत २०१२मध्ये ६,९२५ घरांची निघाली, पुढेही निघाल्या. घराच्या हक्कासाठी अजून मोर्चे निघतात. नोकरीच्या त्या कलमासाठी मोर्चा निघाल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही. लोकांनाही जमिनीचीच भाषा कळू लागली होती.

याच शहराच्या पगारातून राज्याने एक अजोड गोष्ट उभी केली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी योजना. १९७२च्या दुष्काळात ती फोफावली, १९७७मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून लागू. काम मागा, सरकारने द्यावं, नाही तर भत्ता. २००५चा केंद्राचा ग्रामीण रोजगार हमी कायदा आला तो बराचसा या वाटेवरून चालत. राज्याने आधी करायचं, केंद्राने मग देशभर न्यायचं, ही वाटणी रोजगाराच्या इतिहासात क्वचितच इतकी स्वच्छ दिसते.

पण पैसा? त्यासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर बसवला. लालबागच्या गिरणी कामगाराच्या पाकिटातून, गिरगावातल्या कारकुनाच्या पगारातून, दादरच्या शिक्षिकेच्या पगारातून तो कापला जाऊ लागला, आणि साताऱ्यात, बीडमध्ये पाझर तलावांवर, रस्त्यांवर मजुरी होऊन पडू लागला. हे योग्यच होतं. गाव उपाशी आणि शहर तृप्त हे चित्र १९७२मध्ये कोणाला बघवत नव्हतं. शिवाय गिरणीतल्या माणसाची आई, बायको त्याच गावात होती. गंमत पुढे झाली. १९८२नंतर त्याचं काम गेलं तेव्हा काम मागायचा हक्क बजावायला त्याला मुंबई सोडून गावी जावं लागलं. माण-खटावला तो हमीचा नागरिक, परळला नुसता बेकार. हमी ग्रामीण होती, कर शहरी होता. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना त्या मानाने बँकांनी आधार दिला: प्रेमाताई पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने १९७५पासून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. १९६९चं बँक राष्ट्रीयीकरण गिरणगावात कोणापर्यंत पोचलं असेल, तर या पोळ्या लाटणाऱ्या हातांपर्यंत.

सरकारी दारं बंद असली की लोक दुसरं दार शोधतात. १९६६च्या जूनमध्ये दादरला शिवसेना निघाली ती नोकऱ्यांच्या प्रश्नावर. तिने स्थानीय लोकाधिकार समित्या कुठे बसवल्या हे पाहा: बँका, विमा, विमान कंपन्या, म्हणजे मुंबईतली केंद्राची आस्थापनं. पुढे पालिकेची सत्ता हातात आली तरी हत्यार पालिकेचं नव्हतं, दबावाचं होतं. चाळीतला मुलगा एक्स्चेंजला नाव घालून मग शाखेत नाव सांगायचा. कॉल यायचाच तर शाखेकडून येण्याची शक्यता जास्त. राज्याचा ८० टक्के स्थानिकांचा शासन निर्णय २००८मध्ये नव्याने निघाला. खासगी नोकऱ्यांत असं आरक्षण कायद्याने घालणाऱ्या हरियाणाचा कायदा तिथल्या उच्च न्यायालयाने २०२३मध्ये रद्द केला, आणि सरकारी नोकरीत रहिवासाची अट घालायचा अधिकार कलम १६(३)ने फक्त संसदेला दिला आहे. तेव्हा या दिशेने राज्याचा हात किती लांब पोचतो ते उघड आहे.

पालिकेचं धोरण नाही, पण ती स्वतःच एक प्रचंड मालक आहे. तिथे तिने काय केलं? कचरा वाहतूक श्रमिक संघाने चालवलेल्या लढ्यात २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा, असं औद्योगिक न्यायाधिकरणाने सांगितलं. पालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१७मध्ये हरली. बेस्टने २०१९नंतर भाडेतत्त्वावर बस घेतल्या, चालक कंत्राटदाराचे. म्हणजे स्थानिक संस्थेकडे रोजगाराचं एकच साधन हमखास होतं, स्वतःची नोकरी, आणि तेही तिने बाहेर देऊन टाकलं. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तर पालिका दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिली, त्यामुळे जाब विचारायलाही कोणी उरलं नाही.

फेरीवाल्यांचा कायदा २०१४चा. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या, सर्वेक्षण होईपर्यंत हटवू नका, नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असू द्या. दादर स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसणारीला हा कायदा माहीत असो नसो, २०२०मध्ये केंद्राची पीएम स्वनिधी तिच्यापर्यंत पोचली: त्या वेळी आधी दहा हजारांचं कर्ज होतं, फेडलं तर वीस, मग पन्नास. कर्ज घेऊन माल भरायचा आणि गाडी येताना दिसली की टोपली उचलून फुलबाजाराच्या बाजूला पळायचं. एक सरकार भांडवल देतं, दुसरं जागा देत नाही. बँकेच्या नोंदीत ती उद्योजक, पालिकेच्या नोंदीत अतिक्रमण.

बाहेर काय दिसतं? जर्मनीने २००५मध्ये केंद्रीय रोजगार संस्था आणि नगरपालिका यांची एकत्र जॉबसेंटरं काढली. बेकाराला एकच खिडकी. २००७मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ही सरमिसळ घटनाबाह्य ठरवली, कोणत्या कामाचा जबाबदार कोण हे नागरिकाला कळलं पाहिजे म्हणून. जर्मनांनी खिडकी बंद केली नाही. २०१०मध्ये घटना दुरुस्त केली. डेन्मार्कने २००९पासून हे कामच नगरपालिकांकडे दिलं. आपल्याकडे केरळने २०१०मध्ये आणि राजस्थानने २०२२मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली, दोन्हीकडे अंमल नगरपालिकांचा. ज्या राज्याने हमी हा शब्द रोजगाराला जोडला, त्याने शहरासाठी तो अजून उच्चारलेला नाही.

सध्या योजनांची ददात नाही. राज्याची २०२४ची युवा कार्य प्रशिक्षण योजना शिक्षणानुसार सहा, आठ, दहा हजार विद्यावेतन देते. केंद्राची २०२५ची रोजगार प्रोत्साहन योजना पहिल्यांदा भविष्य निर्वाह निधीत नाव लागलेल्याला आणि त्याच्या मालकाला पैसे देते. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाल्या. कारखाना बंद करायला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली, आणि ५१ टक्के सभासद असलेल्या संघटनेला वाटाघाटींचा एकमेव हक्क मिळाला. बीआयआरचे २५ टक्के आठवणाऱ्यांना यावर बोलण्यासारखं पुष्कळ असेल. पण सगळं आधार क्रमांकावरून थेट दिल्लीत किंवा मंत्रालयात. एफ दक्षिण वॉर्डात नळाला पाणी किती दाबाने येतं ते वॉर्ड ऑफिसला माहीत असतं. त्याच वॉर्डात किती मुलं कामाविना बसली आहेत, हे मोजणं तिथे कोणाचंच काम नाही.

माझ्या मते सुरुवात पैशापासून करता येईल. तामिळनाडूत, केरळात व्यवसाय कर स्थानिक संस्थांच्या तिजोरीत जातो. आपल्याकडे तो राज्य घेतं. लोअर परळच्या एखाद्या टॉवरच्या गेटवर, जिथे पूर्वी गिरणीचा टाइमकीपर बसे, तिथला सुरक्षारक्षक दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये भरतो, पगारचिठ्ठीवर ‘पी.टी.’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यातला ठरावीक हिस्सा शहराकडे, आणि त्यासोबत शहरातल्या हमीचं बंधन, अशी मागणी करता येईल. मंत्रालय सहज सोडणार नाही, आणि पालिकाही ते बंधन आनंदाने उचलणार नाही, हे मान्य. घटनेची आडकाठी मात्र सांगू नये. हा कर राज्याच्या, नगरपालिकेच्या किंवा इतर स्थानिक संस्थेच्या लाभासाठी बसवता येतो असं कलम २७६ म्हणतं, आणि नगरपालिकेचं नाव त्यात १९५०पासून लिहिलेलं आहे.